फाइलीचा धनी कोण?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लेख लिहावा, ह्याचे काहींना नवल वाटेल. तो प्रांत विज्ञानशाखेचा अथवा अभियांत्रिकीचा, अशी आपली समजूत असते. परंतु आज आपली टिपणे, संकलने, प्रबंधिका, एवढेच काय पण कवितांच्या वह्यासुद्धा संगणकात राहू लागल्या आहेत. जेथे आपले लेखन राहते, त्या घराचे नियम आपणास ठाऊक असू नयेत, हे काही भूषणावह नव्हे. प्रस्तुत लेखात अशाच एका नियमाचा विचार करावयाचा आहे. एका गावातील यंत्रावरून दुसऱ्या गावातील यंत्रावर टिपणे पाठविली, की त्यांचा ‘मालक’ बदलतो किंवा नाहीसा होतो, आणि ज्याने टिपण लिहिले त्यालाच त्यात एक काना-मात्रा दुरुस्त करता येत नाही. हे का घडते आणि ह्यावर उपाय काय, हे मी अनुभवाच्या आधारे मांडणार आहे.

एक खुलासा आरंभीच करतो. ह्या लेखात येणाऱ्या आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात.

टिपणे आणि दोन यंत्रे

सातारा आणि सांगली येथील आम्ही काही विद्यार्थी कृष्णाकाठच्या बोलीतील शब्द गोळा करीत होतो. मोटेचा नाडा, थारोळे. गुऱ्हाळातील काहील, चुलवण, गुळव्या. हरिपूरच्या हळदीच्या पेवांशी निगडित असलेली बोली, असे विषय वाटून घेतले होते. ज्यांच्या तोंडी हे शब्द आहेत ती माणसे वयाने थकली आहेत, आणि ज्या वस्तूंना ते शब्द लागू होते त्या वस्तू तर डोळ्यांदेखत जात आहेत. हरिपूरच्या पेवांची २००५ च्या महापुरात मोठी हानी झाली. तेव्हा आज जे लिहून घेतले जाणार नाही, ते उद्या विचारायला कोणी उरणार नाही, ही जाणीव ह्या कामामागे होती.

सातारच्या बाजूला आम्ही पाचजण एकच संगणक वापरत असू, आणि त्यावर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते होते. सांगलीला मित्रांच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक अहोरात्र चालू ठेवलेला होता. तोच आमचा सर्व्हर. दोन्हींवर लिनक्स ही प्रणाली होती. रोज रात्री सांगलीचे यंत्र सातारच्या यंत्राशी संपर्क साधून नवी टिपणे आपल्याकडे ओढून घेई. सातारा ते सांगली हे सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर टिपणे काही क्षणांत पार करीत. एस.टी.ने वह्या पाठविण्याच्या काळाशी तुलना करता हे सुखच होते.

मग हरिपूरच्या टिपणाची गोष्ट घडली. हे टिपण सांगलीच्या एका मैत्रिणीने घेतले होते. आमच्या सातारच्या बैठकीत तिने ते एका सोबत्याच्या खात्यातून टंकले आणि त्याच रात्री ते सांगलीला पोहोचले. पुढे ती पुन्हा हरिपूरला गेली. पेवात उतरण्यापूर्वी आतील कोंडलेली हवा जाऊ देण्याविषयी जे तिने लिहिले होते, त्यात एका वृद्ध गृहस्थांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. ती करण्यासाठी तिने सांगलीच्या यंत्रावर फाईल उघडली. वाचता येत होती. परंतु जतन करू जाता यंत्राने उत्तर दिले, ‘अनुमती नाकारली.’ तिने निरुपायाने ‘हरिपूर-नवीन’ नावाची दुसरी प्रत केली. आता एकाच विषयावर दोन टिपणे झाली, एक दुरुस्त आणि एक चुकीचे. आणि आमच्या हस्तलिखितासाठी मजकूर निवडणाऱ्याने नेमके जुने टिपण उचलले. ते वेळीच ध्यानात आले म्हणून बरे. ज्यांनी आपुलकीने चूक दाखवून दिली, त्यांच्याच नावाखाली ती चूक छापून गेली असती.

नाव नव्हे, क्रमांक

ह्या घोटाळ्याचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ह्या प्रणालीचे काम सुरू केले. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे आणि तरीही एकाचे लेखन दुसऱ्याने बिघडवू नये, ही गरज तिच्या रचनेत होती. म्हणून प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट जोडलेला असतो. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी सुरू केलेल्या लिनक्सनेही हीच पद्धत उचलली.

येथे एक बारकावा आहे आणि सारी मेख त्यातच आहे. फाइलींची यादी मागितली की यंत्र मालकाचे नाव दाखविते. पण फाइलीसोबत नाव मुळी साठविलेलेच नसते. साठविलेला असतो तो केवळ एक क्रमांक. यंत्रापाशी एक नोंदवही असते. कोणता क्रमांक कोणाचा, हे तीत लिहिलेले असते. यादी दाखविताना यंत्र त्या वहीत पाहून क्रमांकाच्या जागी नाव घालते, इतकेच. आज प्रचलित असलेल्या बहुतेक लिनक्स प्रणालींत पहिल्या सामान्य खात्यास १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्यास १००१ आणि असे पुढे. शून्य हा क्रमांक मात्र ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी खात्यासाठी राखलेला असतो.

आपल्या शेतकरी घरांतील वाचकांस ह्याचा दाखला घरच्याच कागदांत सापडेल. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना ८-अ असतो. त्यावर खातेदाराचा खाते क्रमांक असतो. हा क्रमांक त्या गावापुरताच खरा. एखाद्याची जमीन कराड तालुक्यातील एका गावात आणि वाळवा तालुक्यातील दुसऱ्या गावात असेल, तर माणूस एकच असूनही खाते क्रमांक दोन ठिकाणी वेगवेगळे असतील. उलट, ह्या गावचा खाते क्रमांक २१० आणि त्या गावचा खाते क्रमांक २१० ह्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नसतो. गावाचे नाव वगळून नुसता क्रमांक सांगितला, तर त्याला अर्थच उरत नाही. संगणकाच्या बाबतीत यंत्र म्हणजे ते गाव, आणि मालकाचा क्रमांक म्हणजे तो खाते क्रमांक.

आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहासही येथे आठवतो. १९४९ साली तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा सातारा जिल्ह्याचा भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा झाला. १९६० साली त्याचे नाव ‘सांगली’ झाले. त्या वेळी दप्तर एका कचेरीकडून दुसरीकडे गेले, पण शेत ज्याचे होते त्याचेच राहिले, कारण दप्तरात माणसाचे नाव होते. आमच्या टिपणांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. क्रमांक तोच राहिला आणि माणूस बदलला!

तीन वर्ग, तीन मुभा

मालकी कळली की पुढची पायरी मुभेची. प्रत्येक फाइलीसंबंधी यंत्र माणसांचे तीन वर्ग करते: मालक, गटातील सभासद आणि इतर सर्व. प्रत्येक वर्गास तीन गोष्टींची मुभा देता येते वा नाकारता येते: वाचणे, लिहिणे आणि चालविणे. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ अशी किंमत धरून बेरीज मांडतात. ६४४ ह्याचा अर्थ असा की मालकाने वाचावे व लिहावे, गटाने नुसते वाचावे आणि इतरांनीही नुसते वाचावे. नव्या फाइलीस बहुधा हीच मुभा आपोआप मिळते. हरिपूरच्या टिपणाची मुभा ६४४ होती. मैत्रीण त्या यंत्राच्या लेखी ‘इतर’ ठरली, म्हणून तिला वाचता आले आणि लिहिता आले नाही.

फोल्डरच्या बाबतीत ह्या मुभांचा अर्थ थोडा निराळा होतो. फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा म्हणजे त्यात नवी फाईल ठेवण्याची, तिचे नाव बदलण्याची व ती काढून टाकण्याची मुभा. एखादी फाईल पुसता येईल की नाही, हे त्या फाइलीच्या मुभेवर अवलंबून नसून ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या मुभेवर अवलंबून असते. वहीवर कुलूप असले तरी कपाटाची किल्ली ज्याच्याजवळ आहे तो वही उचलून नेऊ शकतो, तसेच हे.

कोणी विचारील, ‘आम्ही वर्षानुवर्षे पेनड्राइव्हवरून फाइली नेतो-आणतो, आम्हास हा त्रास कसा झाला नाही?’ ह्याचे उत्तर सोपे आहे. पेनड्राइव्ह सहसा ज्या पद्धतीने आखलेले असतात, तीत मालकाचा रकानाच नसतो. पेनड्राइव्हवर फाईल गेली की तिची मालकी गळून पडते. दुसऱ्या यंत्रावर जो ती उतरवून घेईल तो तिचा नवा मालक होतो. त्रास नाही हे खरे, पण त्याचे कारण माहिती जपली जाते हे नसून ती हरवते हे आहे.

आरसिंकचा स्वभाव

रात्री टिपणे ओढून घेण्याचे काम आमच्याकडे ‘आरसिंक’ नावाचे साधन करीत असे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस ह्यांनी ते १९९६ साली प्रसिद्ध केले. त्याचे वैशिष्ट्य असे की फाइलीचा जेवढा भाग बदलला असेल तेवढाच ते तारेवरून पाठविते. हजार पानांच्या प्रबंधात एक परिच्छेद बदलला, तर सारा प्रबंध पुन्हा पाठवावा लागत नाही.

ह्या साधनाला ‘ए’ हे अक्षर जोडून चालविण्याचा प्रघात आहे. त्याचा अर्थ ‘जसे आहे तसे जतन करा.’ ह्यात फाइलीची वेळ, मुभा, गट आणि मालक हे सर्व आले. पण मालक जतन करायचा म्हणजे काय करायचे? आरसिंक प्रथम नाव पाहते. पाठविणाऱ्या यंत्रावर फाईल ज्या नावाची आहे, ते नाव घेणाऱ्या यंत्रावर असेल, तर तेथील त्या नावाचा क्रमांक लावते. ते नाव तेथे नसेल, तर मूळचा क्रमांक तसाच चिकटवून मोकळे होते. आणि हे सारे कधी? घेणाऱ्या बाजूला ते रूटच्या अधिकाराने चालत असेल तरच. सामान्य खात्याने चालविले तर त्यास दुसऱ्याच्या नावे फाईल करताच येत नाही. आलेली प्रत्येक फाईल त्या खात्याचीच होते.

आमच्या सांगलीच्या यंत्रावर हे काम रूटच्या अधिकाराने होत असे. त्यामुळे एकाच फोल्डरात तीन तऱ्हा दिसू लागल्या.

पहिली तऱ्हा माझ्या टिपणांची. माझ्या नावाचे खाते दोन्ही यंत्रांवर होते. क्रमांक वेगळे असले तरी नाव जुळले आणि टिपणे माझीच राहिली.

दुसरी तऱ्हा अशी. सातारच्या एका सोबत्याचा क्रमांक १००२ होता आणि त्याच्या नावाचे खाते सांगलीला नव्हते. त्याची टिपणे १००२ हा क्रमांक घेऊन तेथे गेली. तेथे १००२ हा क्रमांक सांगलीच्या एका वेगळ्याच विद्यार्थ्याचा. गुऱ्हाळावरची ती सारी टिपणे एका रात्रीत त्या विद्यार्थ्याच्या नावे झाली. त्यास ना त्याचा पत्ता, ना इच्छा!

तिसरी तऱ्हा हरिपूरच्या टिपणाची. ते ज्या खात्यातून टंकले गेले त्याचा क्रमांक १००४. सांगलीला ह्या क्रमांकाचे कोणीच नव्हते. यादीत मालकाच्या जागी नाव न दिसता नुसता ‘१००४’ हा आकडा दिसे. फाईल बेवारस झाली होती. रूटवाचून कोणालाही तिला हात लावणे शक्य नव्हते.

ह्यात यंत्राने चुकीचे असे काहीच केले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यास जे जतन करण्यास सांगितले होते ते त्याने निष्ठेने जतन केले. फक्त जे जतन झाले त्याचा अर्थ गावाबाहेर गेल्यावर उरला नव्हता.

दोन सोपे आणि घातक उपाय

अशा वेळी अनुभवी म्हणविणारे दोन उपाय हमखास सुचवितात. आम्हासही ते सुचविले गेले.

पहिला उपाय म्हणजे सर्व फाइलींची मुभा ७७७ करणे, अर्थात सर्वांना सर्व काही करू देणे. ह्याने ‘अनुमती नाकारली’ हा संदेश जातो खरा, पण त्याबरोबर अनुमतीची कल्पनाच जाते. आमच्या टिपणांत नुसते शब्द नव्हते. सांगणाऱ्यांची नावे होती, गावे होती, घरगुती गोष्टी होत्या. एखादी आजी जात्यावरची आठवण सांगताना सासरच्या छळाविषयी बोलून जाते. ती तिने आपल्यावरील विश्वासाने सांगितलेली असते. यंत्रावर खाते असलेल्या कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून नव्हे. दुरुस्तीची अडचण टाळण्यासाठी हा विश्वास मोडणे कोणत्याही अभ्यासकास शोभणारे नाही.

दुसरा उपाय म्हणजे सर्वांनीच रूटच्या अधिकाराने काम करणे. रूटला काहीच नाकारले जात नाही, आणि हीच त्यातील भीती. फोल्डरच्या नावात एक टिंब राहून गेले, तर मालक बदलण्याची आज्ञा आपल्या टिपणांऐवजी यंत्राच्या साऱ्या प्रणालीवर चालू शकते आणि यंत्र निकामी होते. शिवाय रूटने जतन केलेल्या नव्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, म्हणजे मूळ दुखणे अधिकच बळावते.

दुरुस्ती कशी केली

आम्ही कामाचे तीन भाग पाडले: पाहणी, दुरुस्ती आणि बंदोबस्त.

पाहणीसाठी ‘एलएस’ ह्या आज्ञेला ‘एल’ जोडले म्हणजे मालकांची नावे दिसतात, आणि ‘एन’ जोडले म्हणजे नावांऐवजी क्रमांक दिसतात. दोन्ही यंत्रांवर क्रमांकांची यादी काढून कागदावर शेजारी-शेजारी मांडली की अर्धा उलगडा तेथेच होतो. ‘आयडी’ ही आज्ञा आपला स्वतःचा क्रमांक आणि आपले गट सांगते. ‘फाइंड’ ह्या शोधणाऱ्या आज्ञेला ‘नोयूजर’ अशी अट घातली की ज्या क्रमांकांना धनी नाही अशा सर्व बेवारस फाइली एकत्र मिळतात. ह्या पाहणीने काहीही बदलत नाही, म्हणून ती निर्धास्तपणे करावी; आणि ती पुरी होईपर्यंत दुसरे काही करू नये.

दुरुस्तीसाठी ‘चाऊन’ ही आज्ञा आहे. मालक बदलण्याचा अधिकार लिनक्समध्ये फक्त रूटला असतो. सामान्य खात्यास आपली स्वतःची फाईलही दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तसे करता आले असते तर कोणीही आपल्या फाइलींचा भार दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळा झाला असता. तेव्हा हे काम ज्याच्याकडे यंत्राचा कारभार आहे त्यानेच, एकदाच आणि संपूर्ण प्रत काढून ठेवून करावे.

बेवारस फाइलींचे काम सोपे होते. १००२ चे मात्र अवघड झाले. त्या क्रमांकाखाली सांगलीच्या विद्यार्थ्याची स्वतःची टिपणे आणि सातारच्या सोबत्याची चुकून आलेली टिपणे ह्यांची सरमिसळ झाली होती. क्रमांकावरून सरसकट मालक बदलला असता तर एकाचे दुसऱ्यास देताना दुसऱ्याचेही हिरावले गेले असते. तेथे यंत्राचा काहीही उपयोग नव्हता. उपयोगी पडली ती टिपणांतील पहिली ओळ. बहुतेक टिपणांच्या आरंभी संकलकाचे नाव, गाव व तारीख लिहिलेली होती. त्यावरून एकेक टिपण ओळखून ज्याचे त्यास दिले. ज्यांत ती ओळ नव्हती, त्यांच्या बाबतीत दोघांस समोरासमोर बसवून विचारले.

पुढचा बंदोबस्त

एकदाची दुरुस्ती म्हणजे उपाय नव्हे. दुसऱ्याच रात्री आरसिंक पुन्हा जुने क्रमांक आणून चिकटविणार. म्हणून पद्धतच बदलली.

प्रथम, रूटच्या अधिकाराने होणारी रात्रीची ओढ बंद केली. सर्वांना सांगलीच्या यंत्रावर आपापल्या नावाने खाते दिले आणि प्रत्येकाने आपली टिपणे आपल्या खात्यातून पाठवावी असे ठरविले.

दुसरे, सर्व्हरवर टिपणांसाठी एक गट केला आणि सर्वांना त्याचे सभासद केले. टिपणांचे फोल्डर त्या गटाच्या नावे करून त्याची मुभा २७७० केली. ह्यातील आरंभीचा २ फार मोलाचा आहे. ह्या खुणेस ‘सेटजीआयडी’ म्हणतात. ती असली की फोल्डरात येणारी प्रत्येक नवी फाईल, मग ती कोणीही आणलेली असो, त्या गटाचीच होते, आणि आत केलेल्या नव्या फोल्डरांनाही ती खूण आपोआप लागते. शेवटच्या शून्यामुळे बाहेरच्यास आत डोकावता येत नाही.

तिसरे, आरसिंकला ‘ए’ हे अक्षर देणे सोडले. त्याऐवजी ‘आर’, ‘एल’ आणि ‘टी’ एवढीच अक्षरे दिली. म्हणजे आतील फोल्डर, दुवे आणि फाइलींची वेळ जपली जाते. मालक, गट व मुभा सोबत नेल्या जात नाहीत. मुभेविषयी मात्र एक सूचना जोडली. सातारच्या यंत्रावर फाईल ६४४ असेल, तर ती सांगलीलाही गटास लिहू देणार नाही. म्हणून ‘सीएचमॉड’ ह्या जोडसूचनेने पाठवितानाच सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मुभा आहे असे कळवायचे, आणि त्यातील किती कापायची ते सर्व्हरच्या ‘यूमास्क’वर सोपवायचे. यूमास्क म्हणजे नव्या फाइलीच्या मुभेतून काय वजा करावे ह्याचा नियम. सर्व्हरवरील खात्यांसाठी तो ००७ ठेवला, म्हणजे मालक व गट ह्यांची मुभा शाबूत राहते आणि इतरांची सर्व कापली जाते. फाइली ६६० ह्या मुभेने उतरू लागल्या.

ज्यांस रूटच्या अधिकारानेच काम करणे भाग आहे, त्यांच्यासाठी आरसिंकच्या ३.१.० ह्या २०१३ सालच्या आवृत्तीपासून ‘चाऊन’ अशीच एक जोडसूचना मिळते. तिच्याने पोहोचलेल्या फाइलींचा मालक व गट कोण असावा हे आधीच ठरवून देता येते.

ह्या नव्या पद्धतीत दोन गोष्टींनी नवखा बुचकळ्यात पडतो. पहिली ही, की दुसऱ्याचे टिपण मी दुरुस्त करून पाठविले की सर्व्हरवर ते माझ्या नावे होते. ह्याचे कारण असे, की आरसिंक जुन्या फाइलीत खाडाखोड करीत नाही; ते शेजारी नवी फाईल तयार करून जुनीच्या जागी बसविते. नवी फाईल साहजिकच पाठविणाऱ्याची. गट मात्र तोच राहतो, म्हणून कोणाचे काही अडत नाही. दुसरी ही, की फाइली सुरळीत जातात आणि तरीही फोल्डरची वेळ लावता आली नाही अशी तक्रार येते. फोल्डर ज्याच्या मालकीचे आहे त्यासच त्याची वेळ हवी तशी लावता येते. ‘ओ’ हे मोठे अक्षर जोडले की आरसिंक फोल्डरांच्या वेळेचा नाद सोडते आणि तक्रार थांबते.

कोणतीही मोठी देवघेव करण्यापूर्वी ‘एन’ हे अक्षर जोडून रंगीत तालीम करावी. काय होणार आहे ते यंत्र सांगते, करीत नाही. तसेच ‘यू’ हे अक्षर जोडावे, म्हणजे पलीकडची प्रत अधिक ताजी असेल तर ती जुन्या प्रतीने झाकली जात नाही. मात्र दोघांनी एकाच वेळी एकच टिपण बदलले, तर आरसिंक त्यांचा मेळ घालीत नाही. त्यासाठी २००५ साली टोरवाल्ड्स ह्यांनीच घडविलेले ‘गिट’ हे साधन अधिक योग्य. ते प्रत्येक बदलाबरोबर लेखकाचे नाव नोंदविते आणि फाइलीचा मालक कोण हे मुळीच नोंदवीत नाही. ह्या निवडीमागे एक मर्म आहे, आणि त्याकडेच मला शेवटी वळावयाचे आहे.

मालक, लेखक आणि राखणदार

ह्या सर्व खटाटोपातून मला जे समजले ते असे: यंत्र ज्यास मालक म्हणते तो टिपणाचा लेखक नव्हे. तो केवळ त्या यंत्रापुरता, त्या घटकेपुरता त्या फाइलीवर अधिकार असलेला माणूस. आपण मात्र यादीत दिसणाऱ्या नावास लेखकाची सही समजतो, आणि ते नाव बदलले की आपले लेखन कोणी हिरावले असे आपणास वाटते. फाइलीची मालकी प्रवासात टिकत नाही. टिकावी अशी तिची रचनाच नाही. श्रेय टिकवायचे असेल तर ते मजकुरातच लिहिले पाहिजे.

हरिपूरच्या पेवांचा व्यवहार पाहा. पेव एकाचे आणि आत साठविलेली हळद दुसऱ्याची. पेवाच्या धन्यास कोणी हळदीचा धनी म्हणत नसे. सर्व्हर हेही आपले पेवच होय.

आपल्याच सातारा जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदींच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव दिलेले आढळते. ग्रंथ मंडळाचा, संपादन संपादकांचे आणि नोंद लेखकाची, अशी तिन्ही नाती तेथे वेगळी राखली आहेत. पुढे हे खंड महाजालावर गेले, तरी नोंदीखालचे नाव नोंदीबरोबरच गेले, कारण ते मजकुराचा भाग होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्याने त्या संगणकावर नोंदविल्या गेल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारतविषयक संग्रहात त्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव असते. ती यंत्रे किती वेळा बदलली असतील आणि फाइलींचे मालक किती वेळा पालटले असतील! पण ओवी कोणाची, हा प्रश्न पडत नाही.

म्हणून माझ्या सहाध्यायांना माझी विनंती अशी आहे. प्रत्येक टिपणाच्या पहिल्या चार ओळींत सांगणाऱ्याचे नाव (त्यांची संमती असेल तर), गाव, तारीख आणि लिहून घेणाऱ्याचे नाव न चुकता लिहावे. दुरुस्ती केली तर कोणी, कधी व कोणाच्या सांगण्यावरून, हे खाली नोंदवावे. आणि टिपणे दुसऱ्या यंत्रावर पाठविण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावे: तेथे पोहोचल्यावर ही फाईल कोणाच्या नावे होईल? ती कोणाकोणास दुरुस्त करता आली पाहिजे? आणि ती कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे माणसांनी आधी आपसांत ठरविली, तर यंत्रास ती सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. ती न ठरविता पाठविले, तर यंत्र आपल्या परीने ठरविते, आणि त्याच्यापाशी क्रमांकावाचून दुसरे काही नसते.

हरिपूरच्या टिपणाच्या दोन्ही प्रती आता एक झाल्या आहेत. तळाशी दुरुस्तीची तारीख आहे, आणि सांगणाऱ्या वृद्ध गृहस्थांचे नाव त्यांच्या संमतीने लिहिलेले आहे. सर्व्हरवर ते टिपण सध्या कोणाच्या मालकीचे आहे, हे पाहण्याची गरज आता कोणास पडत नाही.